बुजगावण्याला आमंत्रण

५ ऑगस्ट, मंगळवार

विदुषींचा फोन! मी लिफ्टच्या टपावर, हात ग्रीसने बरबटलेले, फोन कान आणि खांद्यात धरलेला. विदुषी म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. कॉलेजात प्राध्यापिका, नावाला पदव्यांचं शेपूट. म्हणाली, दादा, रविवारी जेवायला ये. मी नेहमीचं सांगितलं — ड्यूटी आहे. रविवारी मला ड्यूटी नसते हे तिलाही ठाऊक आहे. एरवी ‘बरं’ म्हणून ठेवून देते. आज ठेवेना. म्हणे, लेक कॉलेज सोडायचं म्हणतेय, ऐकत नाही.

‘तू समजाव तिला. शिक्षण नसलं की माणसाचं काय होतं, ते तुझ्याकडून ऐकलं तर पटेल.’

म्हणजे मी बुजगावणं! मला उभं करायचं आणि पाखरं उडवायची.

येतो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. रागाने असेल.

६ ऑगस्ट, बुधवार

बायकोला सांगितलं. भांडी घासता घासता म्हणाली, मग जा की, आयतं जेवण आहे. हिला कशाचाच अपमान वाटत नाही. सुखी आहे.

शिक्षण नसलं की काय होतं? दहावी नापास माणसाचं काय झालं ते सांगू? स्वतःच्या दोन खोल्या आहेत. सगळे दात शाबूत आहेत. उशीला डोकं टेकलं की झोप लागते. विदुषींना गोळी घ्यावी लागते — आईच सांगायची. भिंतभर पुस्तकं वाचून मिळवलं काय, तर गोळी!

आई गेल्यापासून हे असलंही कुणी सांगत नाही म्हणा. दोघांच्या बातम्या तीच इकडून तिकडे न्यायची.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नेमकी आज विदुषींच्या इमारतीतल्या लिफ्टची महिन्याची सर्व्हिस. मशीनरूम गच्चीवर आहे, बरोबर तिच्या घराच्या डोक्यावर. ब्रेक तपासले, तेल घातलं आणि तिथेच बादली पालथी घालून डबा उघडला. दर महिन्याला असंच करतो. खाली जाऊन तिची बेल वाजवली नाही, वाजवणारही नाही. मेकॅनिक चहाच्या आशेने आला असं कुणी म्हणायला नको.

तिच्या पुस्तकाच्या समारंभात तिने एका जाड चष्मेवाल्या साहेबांशी माझी ओळख करून दिली होती. ‘हा माझा भाऊ. तांत्रिक क्षेत्रात आहे.’ क्षेत्रात! लिफ्ट दुरुस्त करतो म्हणाली असती तर जीभ झडली असती? साहेब म्हणाले, ‘अरे वा’, आणि पुढे काय विचारायचं ते न सुचून समोसा शोधायला खाण्याच्या टेबलाकडे निघून गेले. मीही निघून आलो. तेव्हापासून मला ड्यूटी असते.

हे सगळं आठवून आज इतकं डोकं फिरलं की डब्याचं झाकण हातातून निसटलं आणि ठणठणत पार मोटरखाली गेलं. पोटावर झोपून काढावं लागलं. तेही तिच्याच नावावर लिहून ठेवलं.

९ ऑगस्ट, शनिवार

दाढी करताना आरशासमोर भाषण म्हणून पाहिलं. ‘बाळ, माझ्याकडे बघ. शिकलो नाही, म्हणून आज तुझ्या आईला माझी ओळख करून देताना शब्द शोधावे लागतात.’ छान जमलंय. विदुषींच्या ताटात घास तसाच राहिला पाहिजे.

कपडे कामावरचेच घालणार. निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव. बुजगावण्याला तोच शोभतो. बायकोने विचारलं, धुतलाय तरी का?

१० ऑगस्ट, रविवार

निघतोय. शर्ट धुतला.

११ ऑगस्ट, सोमवार

भाषण झालंच नाही.

पहिला घास घेण्याआधीच सुरुवात केली — कॉलेज सोडणाऱ्याचं काय होतं, सांगतो ऐक. भाची माझ्याकडे बघतच राहिली. ‘मामा, मी कुठे सोडतेय? मी पुढे शिकायला चाललेय. पुढच्या आठवड्यात.’ दिवाणखान्यात उघड्या बॅगा पडलेल्या होत्या. रागाच्या भरात मी त्या ओलांडून आत आलो होतो.

मी धाकटीकडे बघितलं. ती मान खाली घालून वाढत होती. ‘साधं बोलावलं की तुला ड्यूटी असते,’ म्हणाली. ‘अपमान केला की तू नक्की येशील, हे माहीत होतं.’ एवढी शिकलेली बाई, पण इतकं धडधडीत खोटं बोलताना काही वाटलं नाही तिला!

मग म्हणाली, ‘शुक्रवारी वर झाकण पडलं ना? दर वेळी ऐकते मी. तू आलास की चहा टाकते. मग लिफ्ट खाली जाते, तू गेल्याचं कळतं.’

जेवलो. दोनदा भात घेतला.

भाची गेल्यावर त्या घरात ती एकटीच. आज बायकोला सांगून ठेवलं — पुढच्या सर्व्हिसच्या दिवशी मला डबा देऊ नकोस.