अकरा बिनकार्याचे आहेर

॥ जय गुरुदेव ॥

जठारपेठ, अकोला
दि. २० जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप पार्वताताई यांना धाकटी भावजय इंदू हिचा नमस्कार. (गुडघ्यामुळे वाकता येत नाही, म्हणून कागदावरच वाकले असे समजावे.) तुम्ही अमरावतीहून पार्सलने पाठवलेले विपुलचे सामान काल पोचले. यादी लिहिते, पडताळून घ्यावी. एक चाक नसलेली बॅग १. काळा कोट १, फारसा वापरलेला नाही, का ते पुढे येईल. कोटावर लावायची पितळी पट्टी १, तिच्यावर इंग्रजीत ‘विपुल, मॅनेजर’. मी जाताना दिलेला तीन लिटरचा कुकर १, शिट्टी नाही. प्रार्थनेची वही १. कांदे कापायची मोठी सुरी १, ही आपली नाही, परत पाठवायची का ते कळवावे. भाडे घेणाऱ्याने द्यावे असे तुम्ही लिहून दिले होते, ते २१० रुपये, हमाली ३०, ऑटो ६०. म्हणजे तीनशे रुपयांत मुलाची मॅनेजरकी घरी पोचली. मुलगा अजून तिकडेच आहे.

तुमची शुगर आता किती असते? रामरावभाऊजींचा खोकला बसला का? इकडे तुमचे भाऊ खुशाल आहेत. तुमचा फोन आला की उभे राहतात, ‘हो ताई, हो ताई’ म्हणतात आणि फोन ठेवला की बसतात. मी विचारले काय म्हणाल्या, तर म्हणतात, ‘काही नाही वं, माही बहीण आहे, बोलणारच.’ म्हणून फोन बाजूला ठेवून पत्र लिहिते आहे. मोबाईलवरच्या मेसेजचे म्हणाल तर तुम्ही पाठवता आणि मी चष्मा शोधेपर्यंत पुसून टाकता. नुसते ‘हा मेसेज काढून टाकला आहे’ एवढेच राहते. त्या एका ओळीवर मी किती दिवस उत्तर द्यायचे?

लिहायचे कारण असे झाले की आमच्या शेजारची मंजुषा परवा बडनेऱ्याला लग्नाला गेली होती. तिथे तुम्ही पंगतीत चार बायांत म्हणालात, ‘इंदूच्या पोराले मॅनेजरकी झेपली नाही, माह्या कुलदीपनं किती सांभाळलं.’ मंजुषाने ते मला शब्दाला शब्द आणून दिले, वरून वाटीभर बुंदीही दिली. बुंदी चांगली होती. शब्द मात्र दोन दिवस पोटात तसेच आहेत.

झेपण्याचे मी सांगते, कारण त्याचे सगळे आकडे माझ्याकडे आहेत. मागच्याच्या मागच्या दिवाळीला तुम्ही स्वतः इथे आलात. म्हणालात, इंग्लंडात लेस्टरला कुलदीपच्या हॉटेलात मॅनेजरची जागा आहे, घरचा पोरगा पाहिजे, आणि मामेभावाहून घरचा कोण. नियमही तुम्हीच मला समजावला: बाहेरदेशाहून मॅनेजर बोलवायचा तर मालकाने सरकारला हमी लिहून द्यायची आणि पगार वर्षाला किमान अडतीस हजार सातशे पौंड, त्याच्या खाली एक पौंड चालत नाही. मी तिथल्या तिथे कॅलेंडरच्या मागे गुणाकार केला. एक्केचाळीस लाखांच्या वर गेला. (मॅट्रिकला मला गणितात एकाहत्तर होते, तरी दोनदा केला.) किमान हा शब्द मला तोवर वेगळा माहीत होता. आपल्या तेल्हाऱ्याच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांसाठी सरकारचा काही किमान दर असतो म्हणतात. तो वेचणारीने कधी पाहिला नाही आणि देणाऱ्याने दाखवला नाही, आणि देणाऱ्यांत तुम्ही-आम्हीही आलो, खोटे कशाला बोला. म्हणून ज्या देशात किमान म्हणजे खरोखर किमान, त्या देशाचा मला फार आदर वाटला. त्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेला मी त्या सरकारसाठी दोन मिनिटे जास्त बसले. ती दोन मिनिटे आता परत मागता येत नाहीत, नाही तर मागितली असती.

आमच्या मुलीच्या, आचलच्या लग्नाची म्हणून ठेवलेली मुदत ठेव मोडली, साडेपाच लाख. त्यात मालकाने भरायची फीसुद्धा आमच्याकडूनच गेली. (‘मामी, नंतर पाहून घेऊ,’ असे कुलदीप म्हणाला होता. तो नंतर अजून यायचा आहे.) विपुल फेब्रुवारीत गेला. पहिला पगार पूर्णच्या पूर्ण बँकेत जमा झाला. मी गजानन महाराजांना पेढे ठेवले. दुसऱ्या दिवशी कुलदीपचा फोन आला. म्हणाला, ‘मामी, तो नियम कागदावर दाखवाले असते. मॅनेजरले इतका पगार देऊन हॉटेल चालते काय? कर कापून हाती येते त्याच्या अर्ध्याच्या जवळपास वापस करा लागते.’ तिथल्या तिथे वापस घेतला तर बँकेत दिसतो, म्हणून रस्ता असा काढला की विपुलने मला पाठवायचे, मी रोख काढायचे आणि अमरावतीला आणून तुमच्या हातात ठेवायचे. महिन्याला सव्वा लाख. मी विचारले, हे कोणत्या नावाने द्यायचे? तेव्हा तुम्ही पोह्यांवर शेव टाकता टाकता म्हणालात, ‘आहेर म्हण वं. आहेराले कोण पुसते?’

ताई, तुम्ही दुसरा कोणताही शब्द काढला असता तर हे पत्र झाले नसते. देणगी म्हणाला असता तर मी विसरले असते, देणगी विसरायचीच असते. दक्षिणा म्हणाला असता तर पुण्य म्हणून सोडून दिले असते. पण तुम्ही आहेर म्हणालात, आणि आहेर आपल्यात वहीत जातो. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिली किल्ली दिली ती आहेराच्या वहीच्या पेटीची, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तेव्हा माहेरपणाला होता आणि तुम्हाला ते आवडले नव्हते. कोणी किती दिले, आपण किती दिले, आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की वही उघडून तितके तर तितके, वर थोडे घालून परत करायचे. मग मी आहेर म्हणून जसा द्यावा तसाच दिला. नुसता सव्वा लाख कोणी आहेर देत नाही, म्हणून वर एक रुपया ठेवला. पाकिटाला हळदकुंकू लावले. पहिल्या दोन खेपांना तुमची ओटीही भरली, नारळ आणि खण. (तिसऱ्या खेपेपासून बंद केली, नारळ चाळीसला गेला होता.) आणि सासूबाईंच्या शिस्तीप्रमाणे वहीत पोच म्हणून तुमची सही घेतली. तुम्ही प्रत्येक वेळी ऐटीत, पूर्ण नावाची, खाली रेघ ओढून केली. अक्षर चांगले आहे तुमचे. फक्त ‘कार्य’ हा रकाना तेवढा अडला. तुम्ही म्हणालात, लिही काही बी. पण आमचे घर देवाधर्माचे, लग्नच नाही तिथे लग्न कसे लिहू? अकराच्या अकरा वेळा कोरा ठेवला.

बँकेतले शालिकरामभाऊ रोखपाल आहेत. दर महिन्याला नोटा मोजता मोजता विचारायचे, ‘वयनी, पुन्हा आहेर? कोणाच्या घरी इतके कार्य होऊन राहिले?’ मी म्हणायची, नणंदेच्या. ते म्हणायचे, भाग्यवान आहेत. बस मात्र बायांना अर्ध्या तिकिटात आहे, त्यामुळे तो खर्च मी धरत नाही. एका खेपेला तुमच्याकडून तशीच पुढे मोझरीला दर्शनाला गेले. तिथे अकरा रुपये ठेवले तर कार्यकर्त्याने नाव विचारून पावती फाडून दिली. तुमच्याकडे सकाळी सव्वा लाख ठेवले होते, तर तुम्ही चहा दिला आणि साखर कमी टाकली, तुम्हाला चालत नाही म्हणून.

तिकडे काय चालले होते ते विपुलने आम्हाला सहा महिने सांगितले नाही. आचलने एकदा व्हिडिओ कॉलवर त्याची बोटे पाहिली आणि तिने काढून घेतले. सकाळी कांदे तो कापतो, दुपारी तंदूर तो पेटवतो, रात्री फरशी तो पुसतो. कोट खुंटीला असतो. कोणी सरकारी साहेब येणार असे कळले की कुलदीप ओरडतो, ‘विपुल, कोट’, आणि तो हात धुऊन मॅनेजर होतो. साहेब गेला की पुन्हा कांदे. मी त्याचा हिशेब मांडला. कर पूर्ण पगारावर कापला जातो, म्हणजे जे पैसे मुलाने पाहून परत केले त्यांचाही कर मुलानेच भरला. मग तुमचा आहेर. मग हॉटेलाच्या वरच्या खोलीचे भाडे, तेही कुलदीपलाच. आठवड्याचे सहासष्ट तास धरले तर तासाला चार पौंडही हातात राहत नाहीत. त्याच हॉटेलात भांडी घासायला तिथलाच एक मुलगा येतो, त्याला कायद्याप्रमाणे तासाला बारा पौंडांच्या वर मिळतात आणि तो सहाला घरी जातो. त्याला कोट नाही. म्हणून मी विपुलला म्हटले, बाबा, तू भांडी का नाही घासत? तर म्हणाला, ‘आई, माहा व्हिसा मॅनेजरचा आहे. मले भांडे घासता येते, पण भांड्याचे पैसे घेता येत नाही.’

मधल्या काळात तिकडच्या सरकारने किमान आकडा वाढवून एक्केचाळीस हजार सातशे केला. विपुलचा व्हिसा एका वर्षाचा, नवा काढायचा तर नव्या आकड्याने. त्या दिवशी तुम्ही फोन करून म्हणालात, ‘अभिनंदन वं इंदू, विपुलचा पगार वाढला,’ आणि त्याच दमात म्हणालात, आता आहेर दीड लाखाचा करा लागेल. तुमच्या भावाने ‘हो ताई’ म्हटले. पगार वाढला म्हणून रडायला बसलेले दुसरे घर अकोल्यात नसावे. विपुलने मात्र पहिल्यांदा तोंड उघडले. कुलदीपला म्हणाला, दादा, आहे तोच पगार एक महिना पूर्ण ठेवू दे. एवढ्यावर कुलदीपने जानेवारीपासून त्याला कामावरून बंद केले, व्हिसा वाढवणार नाही म्हटले आणि तुमची सून आरती सुट्टीला आली तिच्यासोबत त्याचे सामान पाठवून दिले. ते तुमच्याकडे आले, तुमच्याकडून माझ्याकडे, आणि तीनशे रुपये लागले ते वर लिहिलेच आहेत. तर ताई, न झेपणे हे असे आहे.

आता पुढचे. तिथे एका पंजाबी मालकाने विपुलला खरा पगार देऊन ठेवून घेतो म्हटले आहे, परत मागणार नाही असेही म्हटले. पण व्हिसाची आणि तिकडचे सरकार व्हिसासोबतच घेते ती दवाखान्याची फी विपुलने भरायची, ती फेब्रुवारीच्या पंधरा तारखेच्या आत, नाही तर महिनाअखेर त्याला निघावे लागेल. आचलची ठेव तर गेलेलीच आहे. तेव्हा येत्या ८ फेब्रुवारीला, रविवारी, आमच्या घरी कार्य योजले आहे. तुम्ही, भाऊजी आणि आरती, सर्वांनी आदल्या दिवशीच यावे. विपुलची आत्या म्हणून तुमचा मान पहिला आहे, तो कोणी घेणार नाही. कळावे, लोभ आहे तेवढाच पुरे.

तुमची भावजय,
इंदू देवीदास

ता. क. १ : आहेराच्या वहीप्रमाणे तुमच्याकडे आमचे अकरा आहेर आहेत, प्रत्येकी एक लाख पंचवीस हजार एक. एकूण तेरा लाख पंचाहत्तर हजार अकरा रुपये. वर थोडे घालायची रीत आहे, पण तुम्ही मोठ्या आहात, तुमच्याकडून वरचे घेत नाही. अकरा रुपये मात्र आणावेत.

ता. क. २ : तुमच्या अकराही सह्यांचे फोटो आचलने मोबाईलवर काढून ठेवले आहेत. तिला तिकडच्या सरकारचा एक फॉर्म सापडला आहे, त्यात मालकाने पगार परत घेतला तर लिहायला जागा आहे, पुरावा जोडायलाही जागा आहे. मी तिला म्हटले, थांब, आत्याला आधी आमंत्रण जाऊ दे. हे तुमच्या भावाला माहीत नाही. त्यांना सांगितले तर ते उभे राहतील.

ता. क. ३ : कार्य कोणते, असे तुम्ही विचाराल. कार्य काही नाही. तुमच्याकडे अकरा वेळा नव्हते, आमच्याकडे एकदा नाही. सोबत पाच रुपयांचे तिकीट लावलेले पाकीट आहे. किती माणसे येणार ते त्यातून, सहीनिशी, उलट टपाली कळवावे, म्हणजे जेवणाला तेवढेच रोडगे लावते.