टाकीकडचा नट

मंगळवार, ३ मार्च

शी! दोनदा आंघोळ केली तरी वास जात नाही. वर्षभर टाकीत कुजलेलं पेट्रोल — त्याला पेट्रोल तरी कसं म्हणायचं! उपसताना डाव्या बाहीतून थेट काखेत उतरलं. बायको म्हणाली, "अहो, आज बाहेरच्या खोलीत झोपा." बरोबर आहे तिचं. माझं मलाच नको झालंय.

आणि गाडी कुठली, तर तीच पांढरी व्हॅन! वृद्धाश्रमाची होती, आता एका बेकरीवालीने पाव पोचवायला घेतलीय. नंबर बघितला आणि डोकंच फिरलं. सात वर्षं झाली. हिच्याच पेट्रोलच्या नळीपायी धाकट्या भावाला गॅरेजातून हाकललं. टाकीकडचा नट त्याने धड आवळला नाही. ऐन चढावर नळी गळायला लागली, पेट्रोल सगळं रस्त्यावर! ड्रायव्हरच्या नाकाला वास आला म्हणून आठ म्हातारी माणसं वेळेत खाली उतरली. एखाद्याने विडीचं थोटूक टाकलं असतं तर? आश्रमाने गाडी परस्पर दुसऱ्या गॅरेजात नेली. पुन्हा आमच्या दारात उभी केली नाही. माझं नाव गेलं ते गेलंच.

बेकरीवालीला टाकी बदलून हवीय. टाकी काढायची तर आधी नळी सोडवायला हवी. म्हणजे पुन्हा तोच नट!

बुधवार, ४ मार्च

गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली नाही, पेट्रोलची वाफ खड्ड्यात साचते. अंगणात लोखंडी घोड्यांवर चढवली, बॅटरीची वायर काढली, उताणा होऊन आत सरकलो. बघतो तर नट दिसेचना! त्या दुसऱ्या गॅरेजातल्या गाढवाने वरून डिंक थापलाय. दोन ट्यूबा मिसळून लावतात तो, वाळला की दगड होतो. त्यावर चिखल, चिखलावर ग्रीस, आणि सगळ्याच्या वर उंदराचं घरटं. लेंड्यांसकट! हात लावला तर सगळं माझ्या तोंडावर. थू! थू! अरे, नळी गळते तर नट उघडून बघा ना! हा पठ्ठ्या भिंत लिंपल्यासारखं लिंपून मोकळा झाला.

बेकरीवाली बाजूला उभी राहून म्हणते, "जरा शेगडी धरून बघा ना, वितळेल." बाई, पेट्रोल आहे ते, पाव नव्हे!

संध्याकाळी आईचं पुन्हा तेच पालुपद. सोमवारी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. "मंगळवारी पट्टी सुटली की आधी दोघांची तोंडं बघायचीत मला. धाकट्याला बोलाव." मी म्हटलं, माझं बघ, तेवढं पुरे.  रात्री जेवलीच नाही.

गुरुवार, ५ मार्च

डिंक. दिवसभर डिंक. पितळी पट्टीने खरवडतोय, लोखंडाने ठिणगी पडायची. एका वेळी नखाएवढा निघतो. नखं मात्र सगळी गेली.

शुक्रवार, ६ मार्च

आज एकदम सुचलं आणि कामाला हुरूप आला!

आमच्या गॅरेजचा नियम होता, मीच घातलेला. नट आवळला की त्याच्यावरून पुढे जोडापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटली म्हणजे नट हलला. आणि आवळला कोणी तेही कळतं. माझी पिवळी, धाकट्याची लाल. ही गाडी तेव्हा बाहेरच्या बाहेर गेली, त्यामुळे तो नट मी पाहिलाच नाही. आणि त्या लिंपणवाल्याने काही उघडलेलं नाही. म्हणजे डिंकाखाली रेघ असणार की! सात वर्षं मुरंब्यासारखी जपलेली!

केवढा कांगावा केला होता त्या दिवशी. "दादा, मी नळी नुसती बसवली. आवळतो मी, असं तूच म्हणालास." आईच्या देखत! मी म्हटलं, मग काय भुताने आवळला? रेघेचं काहीतरी सांगायला लागला होता, मी पुढे बोलूच दिलं नाही. पान्यांची पिशवी उचलली आणि फाटकाबाहेर फेकली. तो पाने वेचत होता, मी बघत उभा होतो.

सापडू दे ती लाल रेघ. नट जपून ठेवणार. पट्टी सुटली की आईला पहिलं तेच दाखवीन — हे घे तुझ्या लाडक्याचं कर्तृत्व!

शनिवार, ७ मार्च

एक बाजू सोडून सगळा डिंक निघाला. पण नटाचे कोपरे झिजून गोल झालेत. त्यात दोन पाने लागतात, एक टाकीकडचा जोड धरून ठेवायला, एक नट फिरवायला. एकट्याने केलं तर नळीच पिळवटते. पूर्वी धाकटा धरायचा. मी हं म्हणायच्या आत धरलेला असायचा.

आज बायकोला घातली गाडीखाली. "लग्नाच्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं," म्हणाली. तिचा पाना दोनदा घसरला, दुसऱ्यांदा माझ्या कपाळावर. गंज सोडवायचं तेल ओतून ठेवलंय. उद्यापर्यंत मुरू दे.

रविवार, ८ मार्च

सुटला.

अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं करत करत तासाभराने आला हातात. पेट्रोलची चूळ भरली तोंडात, ती वेगळीच. नटाच्या आत बघितलं आणि किळस आली. आटे तिरके चढवलेले! नट वाकडा धरून रेटला की असं होतं. हाताला घट्ट लागतो, पण बसलेला नसतो. पहिल्या महिन्यात शिकतो माणूस हे. धाकट्याला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. बायको म्हणाली, "अहो, हळू, आई ऐकतायत." ऐकू दे म्हटलं.

मग राहिलेली डिंकाची खपली काढली. खाली रेघ. अर्धी नटावर, अर्धी जोडावर; नट होता तिथवर परत फिरवला तर दोन्ही तुकडे जुळले, म्हणजे गाडी गेल्यावर कोणी हात लावलेला नाही.

पिवळी.

फडक्याने पुसली. पिवळीच. थुंकी लावून घासली. पिवळी.

नट भंगाराच्या डब्यात टाकला. कोणी पाहिलं नव्हतं. जेवायला बसलो. आईने अंदाजाने माझ्याकडे तोंड वळवून विचारलं, "सुटला का रे एकदाचा?" सुटला म्हटलं. ताट तसंच ठेवलं. उठलो, डबा अंगणात उपडा केला आणि गुडघ्यांवर बसून नट शोधला. त्याने पाने वेचले होते तसाच.

आठवायचा प्रयत्न करतोय, मी आवळला होता का? आठवतच नाही! मी कधी चुकत नाही, मग लक्षात कशाला ठेवायचं! हाताला अजून वास येतोय, पण किळस येतेय ती त्याची नाही. शी! शी माझ्यावर!

सोमवार, ९ मार्च

ऑपरेशन नीट झालं. धाकट्याला फोन केला. "उद्या पट्टी सुटेल, ये," एवढंच जमलं.

मंगळवार, १० मार्च

दवाखान्यात आला. आईने दोघांना बघितलं आणि म्हणाली, "म्हातारे झालात की रे दोघं!"

बाहेर जिन्यात नट त्याच्या हातावर ठेवला. अंगठ्याने रेघ चाचपत राहिला. मग म्हणाला, "गाडी निघण्याआधी मी खाली वाकून बघितलं होतं, दादा. तुझी पिवळी रेघ दिसली. दादाने आवळलाय म्हटलं, म्हणून मी परत पाना लावला नाही."