उंबऱ्यावर आडवी

प्रिय मीरिम,

तुझी पाठपिशवी उलानबरोबर पाठवते आहे. पासपोर्ट पुढच्या कप्प्यात आहे. त्याच्या कोपऱ्यावरचा रक्ताचा डाग ओल्या फडक्याने पुसून पाहिला, जात नाही. तुझ्या प्रवासाचे बेत लिहिलेली लाल वही मात्र मी अकरा दिवस ठेवून घेतली आणि न विचारता वाचली. माझ्या घरात तुझ्यावर जे गुदरलं त्यापुढे हे पाप किरकोळ, म्हणून आधी हेच कबूल करून टाकते. पिशवी घ्यायला आलेला तुझा भाऊ उलान दारातच म्हणाला, "वही असू दे तुमच्याकडे. आता कुठली लंका आणि कुठलं काय! रद्द केलंय तिनं." तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

पहिल्याच पानावर तू 'एकटी' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेस. आमच्या गावात हा शब्द बायका फक्त कीव करायला वापरतात. पहिला दिवस, समुद्राकाठी बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. दुसरा दिवस, पुन्हा तेच. मग चहाच्या डोंगरात जाणारी आगगाडी, तीही दारात पाय सोडून. पिवळ्या शहाळ्याचं पाणी. शहाळं म्हणजे काय ते मला शाळेतल्या बाईंना विचारावं लागलं, तर त्या म्हणतात, "का गं ऊलकान, या वयात तुला कुठे जायचंय?" सामानाच्या यादीतले दोन स्वेटर तेवढे काढ, बाई. आयुष्यभर नारिनच्या थंडीत कुडकुडलेली मी, पण एवढं मलाही कळतं. त्यांच्या जागी मूठभर कुरूत घे. विमानात मळमळलं तर सुकवलेल्या दह्याच्या त्या खारट गोळीसारखं औषध तुझ्या औषधांच्या दुकानातसुद्धा मिळायचं नाही.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. त्या दिवशी सकाळपासून मी लग्नाच्या पाहुण्यांसाठी बोरसोक, कणकेचे ते फुगीर तुकडे, तळत होते. माझा पोरगा बेकतूर म्हणाला होता, "आपा, पोरगी राजी आहे. नुसता रिवाज म्हणून उचलून आणायची." त्याने तुझ्याकडून दोनदा खोकल्याचं औषध घेतलं होतं, एवढीच तुमची ओळख, हे मला नंतर कळलं. पण खरं सांगू? मला विचारायचंच नव्हतं. चौघांनी तुला केसांना धरून गाडीतून ओढलेलं मी खिडकीतून पाहिलं. तुझ्या कानातलं हिसकलं जाऊन पाळी फाटलेली पाहिली. तरी मी कढईखालचा जाळ विझवला नाही. हात पुसले, पेटीतला नवरीचा पांढरा रुमाल काढला आणि तुझ्या डोक्यावर बांधायला आत आले. तू तो फेकलास आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. फाटलेल्या कानाच्या बाजूलाच. माझी पाच बोटं तुझ्या गालावर उठली. तू रडली नाहीस, माझ्याकडे बघून विचारलंस, "आपा, तुम्हालाही असंच आणलं होतं का?"

मला असंच आणलं होतं. चौतीस वर्षांपूर्वी, नर्सिंगच्या परीक्षेला निघाले होते तेव्हा, एका ट्रकमधून, पाय बांधून. पायांचा दोर सुटल्यावर मी दाराकडे धावले, तर माझी सासू कुमुश उंबऱ्यावर आडवी पडलेली. उंबऱ्यावर पडलेल्या म्हातारीला ओलांडणाऱ्याचं आयुष्यात भलं होत नाही, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबरच पाजलेलं असतं. मी एक पाऊल उचललं आणि परत खाली ठेवलं. पुढे माझ्या नवऱ्याने, तेमिरबेकने, माझे दोन दात पाडले, आणि एकदा पोटावर अशी लाथ घातली की पाच महिन्यांचं मूल गेलं. तो मेला तेव्हा मी चारचौघींत रडले, पण आतून झोप लागल्यासारखी शांत होते. आणि हे सगळं गिळून मी बेकतूरला लहानपणी काय सांगत आले? "तुझ्या बापाने मला पळवून आणलं, आणि मी काय ओरडले होते म्हणून सांगू!" हसत हसत सांगायची. तोही हसायचा. माझी सगळ्यात मोठी चूक ती.

तुला आत ठेवून मी बाहेरून दार ओढलं आणि उंबऱ्यावर आडवी झाले. माझ्या नणंदांना वाटलं, रीतीप्रमाणे तुला अडवायला पडले. बेकतूर आत जायला निघाला तेव्हा मी म्हटलं, "ओलांड बघू मला." त्याने पाय उचलला. बायका किंचाळल्या. पाय तसाच अधांतरी राहिला आणि मग माझ्या बरगडीत बसला. एकदा नाही, तीनदा. शापाला भिणारा माझा मुलगा आईला लाथ मारायला भ्याला नाही. बाकीचं तुला ठाऊक आहे. त्याच्या मित्राने खिडकीची काच फोडून आत हात घातला आणि तू चुलीच्या सळईने त्याचं मनगट मोडलंस. हाड मोडल्याचा आवाज मला बाहेर आला आणि देवाशप्पथ सांगते, माझ्या दुखऱ्या बरगडीला बरं वाटलं. उलान पोलीस घेऊन आला तेव्हाच मी उठले.

आता बेकतूर कोठडीत आहे आणि त्याचे चुलते माझ्या दारावर थुंकून जातात. "आईच पोराला तुरुंगात धाडते, असली कुत्री कुणी पाहिली नाही," असं त्याचा मोठा चुलता अंगणात ओरडला. मी म्हटलं, "कुत्रीसुद्धा माजलेल्या पिल्लाला चावते, तुम्ही आपली शेळ्यामेंढ्यांची जात." जीभ चालते अजून. पण आत येऊन त्याचा धुवायचा शर्ट हातात आला की मी त्यात तोंड खुपसून रडते. माझाच आहे तो, मीरिम. मी त्याच्यावर प्रेम करते, आणि त्याने तुझं काय केलं असतं तेही मला नेमकं माहीत आहे.

मंगळवारी तुझं विमान आहे आणि गुरुवारी सुनावणी. तू गेलीस तर कोर्टात बोलायला कुणी उरणार नाही आणि तो सुटेल, म्हणून तू जाणं रद्द केलंस, असं उलानने सांगितलं. तुझा लेखी जबाब झालेला आहे. डोळ्यांनी पाहिलेलं कुणीतरी समोर उभं राहायला हवं, असं तपास करणारा माणूस म्हणाला. म्हणून काल मी नारिन शहरात जाऊन माझा जबाब दिला. त्यात चौघांची नावं आहेत, बोरसोक आहेत, आणि मी मारलेली थोबाडीतही आहे. गुरुवारी मी उभी राहीन. बेकतूर पिंजऱ्यातून "आपा" म्हणून आईला हाक मारेल, तरी बोलेन. म्हणून तू मंगळवारी विमानात बस. चौतीस वर्षांपूर्वी मी एक पाऊल परत खाली ठेवलं, तू ठेवू नकोस. मला ओलांडून जा, पोरी. शाप लागणार नाही.

तुझी सासू होता होता राहिलेली,
ऊलकान