बोरीवरची चिंधी

३१ जानेवारी

पूर्णिमाचा ताप आजही नाही उतरला. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला – सगळं नॉर्मल! मग पोर जळते कशानं? डॉक्टर म्हणतो, "इंशाल्ला, वाट बघू." मालू पोरीची आई, त्याच्या तोंडावर मराठीत म्हणाली, "तुझी लेक असती तर बघितली असतीस वाट?" त्याला कळलं नाही ते बरं.

एसीचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा मी. त्या कानांवर इथे आखातात, मुहर्रकात वर्कशॉप उभं केलं. आता पोरीचा श्वास ऐकत बसतो. काही कळत नाही.

१ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरची नोरा सकाळीच आली. आयरिश, शाळेत शिकवते, चर्च चुकवत नाही. पूर्णिमाचा फ्रॉक मागितला, पट्टी फाडली, बाटलीतल्या पाण्यात भिजवून पोरीच्या कपाळावरून फिरवली आणि अंगणातल्या बोरीच्या झाडाला बांधली. पाणी तिच्या गावच्या झऱ्याचं – संत ब्रिजिटच्या. आज तिचा सण.

म्हटलं, "बाई, बायबलात चिंध्या कुठे आहेत?"

हसली. "ब्रिजिट त्याआधीची. आधी देवी होती. पाद्री आले, देवीची संत झाली. झरा तोच राहिला."

मालूला सांगितलं. "मग त्यात काय! आपल्याकडे नाही बांधत झाडाला चिंध्या? बाईला चहा विचारा आधी."

३ फेब्रुवारी

ताप चढलाय. "बाबा, टू ब्राइट," एवढंच बोलली. पडदे ओढले.

नोराला जिन्यात गाठलं. किती दिवस लागतात? तर चिंधी कुजेल तसा आजार जातो! इथे पाऊस कुठला – आणि फ्रॉक पॉलिस्टरचा! म्हटलं, सोडून समुद्रात टाकतो. बाई पांढरीफटक. "नो, नो! सोडेल त्याला तो आजार लागतो. आमच्याकडे कोणी हात लावत नाही."

मालू मागेच उभी. "काय म्हणते?" मी हसत हसत सांगितलं.

"कुणीही सोडली तरी?"

"हो, कुणीही."

ती हसली नाही.

४ फेब्रुवारी

फांदी रिकामी! वाऱ्यानं सुटणारी गाठ नव्हती ती. मालू कपडे वाळत घालत होती.

"मीच सोडली."

"वेड लागलंय तुला?"

"त्यांच्या देवीला मराठी कळतं की नाही, म्हणून दोनदा सांगितलं – पोरीचं सगळं माझ्या अंगावर दे."

मी ओरडलो – थोतांड आहे सगळं!

"थोतांड आहे, तर ओरडता कशाला?"

५ फेब्रुवारी

नोराला कळलं. छातीवर क्रूस काढला आणि मालूचा हात धरून बसून राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. मला कोणी बोलावलं नाही.

६ फेब्रुवारी

ताप उतरला! पूर्णिमा उठून बसली, टोस्ट मागितला. मीच करून दिला. रोज माझ्याआधी उठणारी मालू अजून उठलेली नाही. आत जाऊन तिच्या कपाळाला हात लावायचाय. म्हणून इथे बसून लिहितोय.