सात मिनिटं आधीची तोफ

मिदहत,

मसूरचं सूप पातेल्यात आहे, गरम करून घे. गोड कतायेफ, सारण भरलेल्या तळलेल्या घड्या, फडक्याखाली झाकलेत, दोन तरी मला ठेव. मी पोरींना घेऊन खालच्या सगळ्या मजल्यांवर दारोदार जाऊन येते.

झालं असं, की मी यंत्रदुरुस्ती शिकवते त्या वर्गातल्या पोरींनी गच्चीवर रोजा सोडायची तोफ बनवली. तुपाचा रिकामा डबा, त्यावर दणादण आपटणारी हातोडी आणि ती वेळेवर सुरू करणारं घड्याळ. हातोडीला मोटर आपल्या मिक्सरची आहे, त्यावरून नंतर भांडू. आवाज असा झाला की अख्ख्या इमारतीने खजूर तोंडात टाकला. खरी अजान सात मिनिटांनी झाली, तोवर तुझ्या आईंचा सूपचा दुसरा वाडगा चालू होता.

आता सगळ्यांना आजचा रोजा पुन्हा धरावा लागणार. खालच्या मजल्यावरचे हाजी सबरी जिन्यातून ओरडले, "पोरींच्या हातात पाना कशाला? लाटणं द्या!" आई म्हणाल्या, उद्यापासून हा कारखाना बंद. पोरींतल्या रावियाला तर रडूच फुटलं.

मग मी तोफ उघडली. जोडणीत एक चूक नाही. पोरींनी वेळ लावली होती आपल्या बैठकीतल्या घड्याळावरून. तेच, जे तू उशीर होऊ नये म्हणून सात मिनिटं पुढे ठेवतोस, आणि तरी आज इफ्तारला आला नाहीस.

तेव्हा आम्ही माफी मागायला निघालेलो नाही. घड्याळ कुणाचं, ते सांगायला निघालोय. बेल वाजली तर दार उघडू नकोस.

शाहिनाझ