बुटकीची चौथी पिढी

२ फेब्रुवारी, सकाळ
रोजनिशी सुरू. मला अक्षर येत नाही, आणि लिहून घेणारी नात इतकी विसराळू की चहा गॅसवर ठेवते आणि चहा कुठाय म्हणून मलाच विचारते. म्हणजे यातलं काहीही कुणाच्या लक्षात राहणार नाही. मोकळेपणाने बोलायला हरकत नाही. हसू नकोस गं, लिही.

काल तुझ्या भावाचा फोन. पलटणीत नवी रायफल मिळणार. आमच्याच कारखान्याची बुटकी! गोळ्यांचं मॅगझिन चापाच्या मागे, पार खांद्याजवळ, म्हणून नळी पुरती लांब असून अंगाने आखूड. पहिल्या पिढीच्या बुटकीचं प्लॅस्टिकचं अंग जोडण्यात माझा जन्म गेला. काळजी एकच. पोरगा डावखुरा. पहिली बुटकी डाव्या खांद्याला लावली की रिकामी काडतुसं गालावर, आणि गोळी भरायला ओढायची, गोळीसरशी मागेपुढे धावणारी लोखंडी मूठ थेट तोंडावर. पण आता सुधारलं असणार. मी काय कमी तक्रारी केल्या होत्या?

५ फेब्रुवारी
बसून तुलना केली. पहिली: मॅगझिनचा खटका छातीला घासला की मॅगझिन पायावर. डास पळवायचं औषध लावलेल्या हाताने धरली की प्लॅस्टिक चिकट. दुसरी: खटक्याभोवती कडं आलं (माझ्या सांगण्यावरून), प्लॅस्टिकही बरं. मूठ मात्र तशीच. तिसरी: काडतुसं पुढून पडतात, मूठ जागची हलत नाही, डावा-उजवा भेदच नाही. आमच्या घराण्यात पिढीगणिक एवढी सुधारणा कुठे दिसली नाही.
निश्चय: नातवाला तिसरीच मिळवून द्यायची.

९ फेब्रुवारी
रिटायर्ड मुकादमाकडे गेले. शब्द टाका म्हटलं. म्हणाला, वहिनी, माझा शब्द आता घरातसुद्धा कोणी झेलत नाही. तिसरी फक्त प्रदर्शनात, काचेमागे. पलटणीला जुनीच दुरुस्त करून देतात, वर दुसरीचा शिक्का. खटक्याचं कडंही म्हणे सगळ्यांनीच मागितलं होतं.
वय झालंय त्याचं. काहीही बोलतो.

११ फेब्रुवारी
कारखान्याच्या गेटवर. वॉचमनने आत सोडलं नाही. पण आतल्या भिंतीवर तिसरीचा हा एवढा फोटो! फोटो आहे म्हणजे माल आहे. काम झाल्यात जमा.

१८ फेब्रुवारी
रायफल मिळाली. फोनवर विचारलं, काडतुसं कुठून पडतात? उजवीकडून, आजी, तुझ्या वेळी पडायची तशीच. मूठ? हलते की. नीट पाहिलं नसेल. लहानपणापासून धांदरट.
नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांचा हुकूम आहे, उजव्या खांद्यावरूनच मारायची. शिकतोय म्हणाला. फक्त भिंतीच्या डाव्या कोपऱ्यावरून डोकावायचं झालं की अख्खं अंग बाहेर येतं, एवढंच.
एवढंच म्हणे.

१९ फेब्रुवारी, दुपार
उपाय सापडला. गालाला गादी! जुन्या ब्लँकेटचे पदर, वर कॅनव्हास, दुहेरी शिवण, नाड्या. रायफलीला बांधायची आणि डावा गाल टेकून खुशाल मारायची. कारखान्याच्या साहेबांनी तीन पिढ्या डोकं खाजवलं. चौथी मी जेवणं उरकून चहाच्या आत शिवली. सून म्हणाली, आई, गादीने लोखंड थांबतं का? तिला शिवणातलं काय कळतं.

२७ फेब्रुवारी
गादी पोचली. उस्ताद हसले आणि काढायला लावली. जळतात. मी सांगितलं, खिशात ठेव, वेळेला लागेल. बरं म्हणाला. सांगितलेलं ऐकतो, एवढी एक गोष्ट आजोबांपेक्षा सुधारलेली.

४ मार्च
फोन नाही. चांगलं लक्षण. कामात असेल.

६ मार्च
फोन नाही. सून फोन हातात घेऊन जिन्यात बसते. तिला म्हटलं, जिन्यात रेंज नसते. उठली नाही.

१० मार्च, लष्करी इस्पितळातून
फोनवरून सांगतेय, लिहून घे. खाटेजवळ एकालाच बसू देतात. तुझी आई रात्रभर होती, आता घरी पोचेल. तिला काही विचारू नकोस.

शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याने सांगितलं. चकमकीत एका गल्लीत डाव्या कोपऱ्याशी अडकले. आपल्याने गादी बांधली, रायफल डाव्या खांद्याला घेतली. पहिल्याच गोळीला मूठ जबड्यावर बसली. दुसरी झाडलीच नाही. तो मारत राहील या भरवशावर पलटणीतलाच एक पोरगा रस्ता ओलांडत होता, त्याला गोळी लागली. त्याच्या घरचे बाहेर बाकावर बसलेत. मी त्या बाजूच्या दाराने जात नाही.

गादी नर्सने माझ्या हातात दिली. शिवण कुठेही उसवलेली नाही.

त्याचा जबडा तारेने बांधलाय. बोलता येत नाही. माझा हात ओढून घेतो आणि डाव्या हाताच्या बोटाने तळव्यावर काहीतरी लिहितो. पुन्हा पुन्हा तेच. मी मान हलवते, हो हो म्हणते. तो मग भिंतीकडे तोंड करतो.

उद्या आईबरोबर सूप पाठव. पातळ, दोनदा गाळलेलं, एक तुकडासुद्धा नको. नळी विसरू नकोस. डबा मोठा भर, मलाही तेच. त्याच्यासमोर मी चावून खाणार नाही.