अनसिंगच्या नामदेवचा खोकला

९ जानेवारी १९५६, वाशीम
डॉ.नी रंगवून आणलेली पाटी दवाखान्याच्या ओसरीत ठोकली. वाचणारे दोघेच, त्यातला एक मी. म्हणून पायरीवर उभा राहून मीच म्हणतो: शिशी घरून धुऊन आणा, पेशंटसंगं एकच माणूस, बिडी बाहेर, ज्याचं दुखणं त्यानंच सांगावं. एक म्हातारा म्हणे, "कंपौंडरबाबू, तुमी तं लग्नातल्या भटापरीस भरभर म्हनता." शिश्या धुता धुता कंपौंडर झालो, तोंड चालवणं फुकट शिकलो.

अनसिंगचा नामदेव तिसऱ्यांदा आला. खोकला, संध्याकाळी ताप. डॉ.ना नळीतून काहीच ऐकू येत नाही. कोड्यात पडलेत.

१६ जाने.
नामदेव दोन तास ओसरीत. शेजारच्याशी बैलांच्या गोष्टी. एकदाही खोकला नाही. डॉ.पुढे बसला की सुरू. सुई घ्यावी लागेल म्हटल्यावर विचारतो, "सुईचं औषध शिशीत भरून देता काय?"
बाहेर गाठला. "नामदेवा, खोकते कोण?"
अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग, "घरचं मानूस. बहिनीची सोयरीक जुळून राह्यली. माय म्हन्ते, घरात खोकल्याचं नाव काढू नका, पाव्हणे वापस जातीन."
म्हणजे महिनाभर बायकोचं औषध ह्याच्या छातीवरून बेतलेलं. डॉ.ना सांगितलं. भडकले. चहा तसाच गार.
मी म्हटलं, "तिले घेऊन ये. नाही तं शिशी भरत नाही."

२४ जाने.
आणली, छकड्यातून. सासू संगं. डॉ. विचारतात सुनेला, बोलते सासू.
"भूक लागते?"
"लागते न."
"झोप?"
"ढोरावानी."
सासूबाईंना औषधाच्या खिडकीशी बोलावलं. शिशीला बूच बसत नाही, तुम्हीच पाहा. सात बुचं दाखवली. तेवढ्यात आतून बारीक आवाज, "थुकीत रगत पडते, डाक्टरसाहेब. दिवाळीपासून."
अकोल्याला छातीचा फोटो. चिठ्ठी लिहायला घेतली तर सासू म्हणते, "पोराच्याच नावानं लिवा. मानसाले चालते." डॉ.नी नामदेवकडं पाहिलं, बायकोचं नाव काय. तो कसा घेणार? तिनंच सांगितलं. द्वारका. डॉ.नी तेच लिहिलं.

३ फेब्रु., शुक्रवार
नामदेव एकटाच. चिठ्ठी टोपीत, घडी मोडलेली नाही. माय म्हणते आधी लग्न, म्हणजे वैशाख. डॉ. म्हणाले, वैशाखापर्यंत थांबायचं असेल तर माझ्याकडं येऊ नको.
बाहेर येऊन माझ्याजवळ उभा. "मायले मी पाहून घेतो. पन घरचं मानूस पुसते, तिथं फोटो काढाले बाई असते का? असली तं येतो म्हन्ते."
असते, म्हणालो. खरं तर मला माहीत नाही.
सोमवारची पहिली मोटर सांगितली. अकोल्याला एक ओळखीचा कंपौंडर आहे, त्याला लगेच कार्ड टाकलं: बाई नसली तर कुठली तरी आणून उभी कर. आता टपाल आधी पोचतं की मोटर. आणि मोटरीत हे दोघं बसतात की...